तिसरा हात

रंगकामात 'हात' म्हणजे रंगाचा एक थर. पहिला हात, दुसरा हात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली कोणाला ते माहीत नसतं आणि माहीत नाही म्हणायची लाजही नसते. मोबाइलवर पाच मिनिटं बघतात, म्हसळ्याहून डबा आणतात, जुन्या खुर्चीला फासतात आणि महिन्याभरात पापुद्रे निघाले की रंगाला शिव्या देतात. खुर्ची धुतली होती? घासली होती? सुकू दिली होती? कपाळ!

मी येसाजी. वय त्र्याहत्तर. चाळीस वर्षांहून जास्त रंगारी होतो. दारं, खिडक्या, पाळणे, देव्हारे, लग्नातली कपाटं, सगळं केलं. आता उजव्या हाताला कंप सुटतो, कपातला चहा बशीत सांडतो, म्हणून ब्रश खाली ठेवला. रागाला मात्र कंप नाही, तो अजून ठणठणीत आहे. हे जे सांगतोय ते शेजारच्या नूतनबद्दल आहे. निदान सुरुवातीला तरी मला तसं वाटत होतं.

आमची वाडी म्हसळ्यापासून बसने वीस मिनिटं आत. नूतन ही नामाची बायको. माहेर रेवसचं, धक्क्याजवळचं, त्यामुळे लाँचच्या इंजिनावर आवाज चढवून बोलायची सवय तिला लहानपणापासूनची. नामा सहा आसनी रिक्षा चालवायचा. तीन वर्षांपूर्वी भर दुपारी स्टँडवर छातीत कळ आली आणि गेला. बाराव्याच्या दिवशी बायका म्हणत होत्या, आता ही माहेरी जाईल. ती गेली नाही. भात लावला, कापला, झोडला. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. पावसाआधी कौलं स्वतः चढून चाळली, आणि खालून 'पडशील गं' म्हणून ओरडणाऱ्या पुरुषांना 'मग वर या' म्हणाली. एकही वर गेला नाही. मीही नाही.

एकदा घरावर नामाच्या जागी आपलं नाव लावून घ्यायला ती एका कचेरीत गेली. तिथला माणूस म्हणाला, "घरातल्या कोणा पुरुषाला पाठवा." नूतन त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर बसली. दुपारी तिथेच डबा सोडला. सुकटीची चटणी होती. वासाने सगळी कचेरी हैराण झाली, पण ही उठेना. संध्याकाळी नाव लागलं तेव्हाच उठली. मला ही बाई आवडायची. तिच्याशी माझं रोज भांडण व्हायचं, पण आवडायची.

आषाढातल्या एका रविवारी तिचा धाकटा दीर रितेश गाडी घेऊन आला. तो पनवेलला राहतो, न्हावा शेव्याकडे कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर आहे. मी नूतनच्या ओटीवर चहा पीत बसलो होतो. रितेशने खुर्ची रुमालाने पुसली, बसला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"वहिनी, यंदापासून गणपती पनवेलला बसवूया. मला पाच दिवस सुट्टी नाय मिळत. तू पण ये तिकडे. आरामात राहा."

"आन् हितलं घर?"

"इथं कोण आहे आता?"

"मी हाय," नूतन म्हणाली.

"तसं नाय गं. पण पाट कुणाच्या नावानं जाणार? दोन वर्षं दादाच्या नावावर चालवलं. असं किती दिवस? आणि आमच्या घरात बाईच्या नावानं पाट कधी गेलेला नाय."

त्या वाक्याला मला ठसका लागला. चहा बशीत सांडला, लुंगीवरही सांडला. हाताला कंप आहे म्हणून सांडला, असं दोघांनी धरलं. मीही तसंच धरू दिलं.

पाटाचं हे प्रकरण बाहेरच्यांना कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे गणपती बाजारातून उचलून आणत नाहीत. नागपंचमीला घरचा पाट मूर्तीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा. त्याच पाटावर तिथे मूर्ती घडते. पाटाच्या खालच्या बाजूला घरच्या कर्त्याचं नाव रंगवलेलं असतं, म्हणजे अदलाबदल होत नाही. ज्या घरातून पाट गेला, त्या घरी चतुर्थीला गणपती येतो, आरतीला सगळी वाडी येते, भजनाची बारी येते. ज्या घरातून पाट गेला नाही, त्या घरी कोणी फिरकत नाही. आमच्या वाडीत अशी तीन घरं आहेत. त्यांना आम्ही बंद घरं म्हणतो. त्यातल्या दोहोंत माणसं राहतात, तरी बंदच म्हणतो.

तर नूतनचं घर बंद व्हायचं होतं, ती आत असताना.

रितेशने देवघरातून पाट काढून आणला. फणसाचा पाट, दोन फुटांना थोडा जास्त, खाली दोन आडव्या पट्ट्या. कडा किड्याने खाल्लेल्या, वरचा रंग उडालेला, एक कोपरा फुगलेला. "बघ कसा झालाय," तो म्हणाला. "चुलीत घाल. मी नवीन करून घेतलाय, वर ग्रॅनाइट लावून."

"पाट नीट झाला तर?"

"कोण करणार? तू?" तो हसला. "कर की. कर नीट, मग बघू."

तो गेला. गाडी वळेपर्यंत नूतन दारात उभी होती. मग पाट उचलला आणि आत गेली, माझ्याकडे न बघता. मी दुसरा चहा मागणार होतो, तो मागितला नाही.

चार दिवसांनी ती माझ्या अंगणात आली आणि पाट धाडकन माझ्यासमोर ठेवला. लाल ऑइल पेंट फासलेला, आणि त्याला वर्तमानपत्राचं पान चिकटलेलं. पान ओढलं तर अर्धं पाटावरच राहिलं. दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात उलट्या अक्षरांत उमटली होती, आणि एक चिलट पाय वर करून मेलं होतं.

"आबा, रंग खोटा दिला दुकानदारानं. तीन दिस झाले, सुकतच न्हाय."

मी बोट लावून बघितलं. बोट चिकटलं. नाकाशी नेलं आणि माझं डोकंच फिरलं.

"खोबरेल लावलंस?"

"व्हय. रंग मारायच्या आधी चोळलं चांगलं. लाकूड कोरडं पडलं व्हतं."

"तेलावर रंग बसतो का? पुऱ्या तळतेस का पाटावर?"

"लाकडाला तेल दिलं तर लाकूड टिकतं. पोळपाटाला देतोच की आपन."

"पोळपाटाला रंग मारतेस का?"

तिने दातावर दात दाबले. मग म्हणाली, "वरडू नका. शिकवा. नागपंचमी अठरा दिसांवर आली."

"मला हात धरवत नाही ब्रश."

"तुमचा हात कोन मागतंय? तोंड तर चालतंय ना?"

तोंड चालत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या ओट्यावर बसायचो आणि ती खाली पडवीत.

आधी तो चिकट रंग पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढला. मग चिंधीवर थिनर घेऊन पुसला, तीन वेळा, दर वेळी नवी चिंधी. चिंध्या चुलीजवळ टाकायला निघाली तेव्हा मी इतका ओरडलो की रस्त्यावरची बकरी पळाली. थिनरची चिंधी पेट घेते, घर जळेल! ती म्हणाली, मग आधी सांगायचं. मी म्हणालो, आधी विचारायचं. धुण्याच्या सोड्याने पाट धुतला, पंख्याखाली उभा करून दोन दिवस सुकवला. पावसाळ्यात लाकूड वरून सुकलेलं दिसतं आणि आतून ओलं असतं, म्हणून दोन दिवसांचे तीन केले. त्यावरूनही भांडण झालं.

किड्याच्या भोकांत सुईने औषध सोडून झालं. मग मी सांगितलं, "आता लांबी भर," आणि भाकरी खायला आत गेलो. परत आलो. "भरली का लांबी?"

"भरली. पंचवीस इंच."

तिने पट्टी घेऊन पाट मोजला होता. लांबी म्हणजे खडूची पूड आणि तेल मळून केलेला लगदा, भोकं बुजवायचा. हे रंगाऱ्याच्या पोराला चौथ्या वर्षी कळतं! मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "मी रंगाऱ्याची पोर न्हाय. आन् तुमी तरी कधी चिखलात उभं ऱ्हाऊन भात लावलाय का?" लावला नव्हता. आम्ही दोघंही थोडं हसलो. सगळ्या अठरा दिवसांत तेवढंच.

घासायला लागली ती मात्र रागाने. पॉलिश पेपर हातात घेऊन आडवातिडवा. कोणाला घासत होती ते मला दिसत होतं.

"आडवं नको. लाकडाच्या रेषा जातात त्याच बाजूनं. आडवं घासलंस तर चरे पडतात, वर कितीही रंग मार, ते दिसतात. आणि कागद ठोकळ्याला गुंडाळ. आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस. खालच्या बाजूला जुना रंग आहे, तिथं पाणी पेपर वापर, ओलं करून घास, आणि नाकाला रुमाल बांध. जुन्या रंगात शिसं असायचं. ती धूळ पोटात गेली तर बाधते."

तिने रुमाल बांधला. हळूहळू तिचा हात लागला. वरच्या बाजूला फणसाचं लाकूड पिवळंधमक निघालं तेव्हा तिने पाट उचलून उजेडात धरला, आणि मी शिव्या द्यायच्या विसरलो. पहिल्यांदा करणाऱ्या माणसाच्या मानाने काम फार चांगलं होतं. तिला सांगितलं मात्र नाही. रंगाऱ्याला कधी कोणी सांगत नाही, तर मी का सांगू?

मग तिने पाट उलटा केला.

खाली लालवर पांढऱ्या अक्षरांत नामाचं नाव होतं. तिने ते आधी वहीत उतरवून घेतलं आणि मग घासलं. लालखाली तपकिरी निघाला, त्यावर तिच्या सासऱ्याचं, रामचंद्रचं नाव. तेही गेलं. ती तपकिरी घासत राहिली, आणि जिथे जास्त घासलं गेलं तिथे पाणी ओसरलेल्या तळ्याच्या काठावर दिसतात तशा कडा दिसायला लागल्या. गडद, मग थोडा उजळ, मग पुन्हा गडद. त्या काळी रंग हाताने कालवायचे, दर खेपेला छटा थोडी बदलायची.

"आबा, ह्ये तपकिरीचे तीन हात हायेत," ती म्हणाली. "तुमी तर म्हनता पाटाखाली दोन पुरे."

"असेल कोणाला हौस."

"खालच्या बाजूला? जी दिसत बी न्हाय?"

तिसऱ्या तपकिरीखाली गुलाबी अस्तर, म्हणजे रंगाआधीचा थर, लागलं होतं. गुलाबी अस्तर या पंचक्रोशीत एकच माणूस मारायचा. पांढरा प्रायमर महाग पडायचा, म्हणून तो त्यात गेरू घालून वाढवायचा. तो माणूस मी.

"बास," मी म्हणालो. "तेवढं पुरे झालं. आता वर लांबी ओढ आणि रंग मार."

"अजून खवले हायेत."

"असू दे! सांगतोय ना, राहू दे तेवढं."

तिचा हात थांबला. तिने रुमाल खाली ओढला. इतक्या दिवसांत मी कुठलंही काम अर्धवट सोड म्हणून सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग वाकून पुन्हा घासू लागली, पण आता अगदी हळू, पाणी घालत, मूल पुसतात तसं. गुलाबी गेला. खालून काळं काही वर आलं. आधी एक काना, मग मात्रा. 'गो'. मग 'दू'.

"गोदू," नूतन वाचत म्हणाली. "ह्यांची आजी? सासऱ्यांची आई?"

"व्हय."

"तिच्या नावानं पाट जात व्हता?"

"व्हय."

"आन् तुमाला कसं म्हाईत खाली काय हाय ते?"

मग सांगावंच लागलं. गोदूचा नवरा गेला तेव्हा रामचंद्र दहा वर्षांचा होता. भावकीने म्हटलं, पाट आमच्याकडे द्या. गोदूने दिला नाही. ती डोक्यावर पाट घेऊन स्वतः कारखान्यात गेली, आणि तिथल्या म्हाताऱ्या मूर्तिकाराने काही न बोलता पाट उलटा करून काळ्या रंगात तिचं नाव लिहिलं. त्यानंतर पंधरा वर्षं त्या नावावर गणपती आला. मग रामचंद्र मोठा झाला, मुंबईला कामाला लागला, लग्न केलं, आणि त्याला लाज वाटायला लागली. घरात कर्ता पुरुष असताना बाईचं नाव कसं? मी तेव्हा एकवीस वर्षांचा, नवा रंगारी. मला बोलावलं.

"मी अस्तर मारलं, दोन हात मारले. पण खालची अक्षरं काळी, जाड. दुसरा हात सुकला तरी 'गोदू' वर येतच होतं. उजेडात तिरकं धरलं की वाचता यायचं."

"म्हनून तिसरा."

"म्हणून तिसरा."

"ती जिती व्हती तवा?"

"समोर बसली होती. तांदूळ निवडत होती."

"काय म्हनाली?"

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. "म्हणाली, येसा, नीट मार हात. अर्धवट दिसलं तर लोक वाचतील, आन् हसतील."

नूतनने पाणी पेपर टाकून दिला. उठून उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रितेश म्हनाला, बाईच्या नावानं पाट कधी गेला न्हाय. तवा तुमी तिथंच चहा पीत व्हतात."

"व्हय."

"आन् तुमाला म्हाईत व्हतं."

मी मान हलवली. तिने पाट उचलला, डबे उचलले, कागद उचलले, माझं पायपुसणं पायाने बाजूला सारलं आणि निघून गेली.

मला त्या दिवशी कोणाचा राग आला ते सांगतो. आधी तिचा आला. मी काय केलं होतं? मला काम सांगितलं, मी केलं. रंगारी घरच्या भांडणात पडत नाही. मग रामचंद्रचा आला. तो मरून वीस वर्षं झाली, त्याचा राग करायला सोपं जातं. आणि संध्याकाळी ओटीवर बसलो असताना माझा मलाच इतका राग आला की समोरचा पेला भिंतीवर मारला. दोन हातांचं काम सांगितलं होतं. तिसरा हात रामचंद्रने सांगितला नव्हता. काम सफाईदार दिसावं, येसाजीच्या कामात खोट निघू नये, म्हणून तो मी आपखुशीने मारला होता. एका बाईचं नाव तिच्यासमोर पुसताना मला माझ्या सफाईची पडली होती! ती म्हणाली म्हणून मारला, असं पन्नास वर्षं मनाशी म्हणत आलो. खोटं. ती बोलली तेव्हा ब्रश आधीच डब्यात बुडवलेला होता.

पुढचे दोन दिवस नूतनने माझ्याकडे पाहिलंही नाही. कुंपणापलीकडून मला दिसत होतं. पाटाच्या वरच्या बाजूला तिने अस्तर मारलं, एक दिवस सुकवलं, दोनशेवीसने हलकं घासलं, पुसलं, मग लाल रंगाचा पातळ हात मारला. ब्रश एका दिशेने, शेवटी हलका ओढ. मी शिकवलं होतं तसंच. एकदा तिने ब्रशवर जास्त रंग घेतला आणि मी कुंपणावरून ओरडलो, "निथळ तो!" तिने वळून बघितलं नाही, पण निथळला.

नागपंचमी तीन दिवसांवर होती तेव्हा दुपारी लाकूड जळल्याचा वास आला. फणसाच्या लाकडाचा वास मला कळतो. 'चुलीत घाल' हे रितेशचं वाक्य मला आठवलं आणि मी होतो तसा, एका पायात चप्पल घालून, तिच्या घरी धावलो. या वयात धावणं म्हणजे काय ते सोडून द्या.

ती चुलीसमोर बसली होती. पाट मांडीवर उलटा. चुलीत तापवलेली सळई फडक्यात धरून ती पाटावर टेकवत होती, धूर निघत होता. गोदूच्या काळ्या अक्षरांच्या खाली 'नू' झालं होतं, 'त' अर्धा झाला होता. अक्षर वाकडं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, धुराने असेल, मी विचारलं नाही.

"रंगानं लिवलेलं बुजवता येतं," ती पाटाकडे बघत म्हणाली. "ह्ये बुजवून दावा."

सळई पुन्हा चुलीत सरकवत म्हणाली, "खालचं दिसतं असं काय असतं? रंग नको मला खाली."

"वॉर्निश. पातळ करून मार. एकच हात."

"बरं. आन् नागपंचमीला कारखान्यात यायचं तुमी. मी सांगीन तवा तोंड उघडायचं. आत्तापर्यंत लई मिटलंत."

नागपंचमीला मी धुतलेला सदरा घालून गेलो. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. भिंतीला पाट टेकून ठेवलेले, कोपऱ्यात शाडूच्या मातीचे ढीग, सगळीकडे ओल्या मातीचा वास. कारखाना आता गणराज चालवतो, त्या म्हाताऱ्या मूर्तिकाराचा नातू. वाडीतली आठदहा माणसं पाट घेऊन आली होती. रितेशही आला होता; गणपती पनवेलला बसवणार होता, पण मूर्ती इथलीच हवी होती. त्याचा नवा पाट चकचकीत, ग्रॅनाइटचा, खाली छापील अक्षरांत त्याचं नाव. त्याने तो आधीच गणराजच्या हातात दिला होता.

नूतनने आपला पाट पुढे केला. लाल, गुळगुळीत, कडा भरून आलेल्या. तिच्याकडे न बघता सगळ्यांनी पाटाकडेच बघितलं. रितेशनेही. "अरे, बरा केलास की," तो म्हणाला. "पण वहिनी, मी सांगितलं ना..."

गणराज अवघडला. "एका घरचे दोन पाट मी घेऊ शकत नाय. कुठला ठेवू ते ठरवा तुम्ही."

"ठरलंय," रितेश म्हणाला. "आमच्या घरात बाईच्या नावानं पाट कधी गेलेला नाय."

नूतनने पाट उलटा करून गणराजच्या पुढ्यात धरला. मग माझ्याकडे बघितलं.

"गेलाय," मी म्हणालो. मग पुन्हा म्हणालो, मोठ्याने. "गेलाय. पंधरा वर्षं गेलाय, गोदूच्या नावानं. रामचंद्रनं मला नाव बुजवायला सांगितलं आणि मी बुजवलं. गोदू समोर बसली होती. दोन हातांत बुजलं नाही, तर मी तिसरा मारला. आणि हा पोरगा परवा नूतनच्या ओटीवर हेच बोलला तेव्हा मला सगळं माहीत होतं, तरी मी चहा पीत बसलो."

रितेश म्हणाला, "आबा, तुमचं वय झालं, काहीतरी गोंधळ..." पण त्याचं वाक्य पुरं झालं नाही, कारण गणराज खाली बसून पाटावर वाकला होता. वॉर्निशखाली ती जुनी अक्षरं स्वच्छ दिसत होती. त्याने 'द'च्या शेपटावरून बोट फिरवलं. ते शेपूट आत वळून वर गेलेलं होतं.

"आजोबांचं अक्षर आहे," तो म्हणाला. "असा 'द' दुसरं कोणी काढायचं नाय."

त्याने रितेशचा पाट उचलला, फडक्याने पुसला आणि त्याच्या हातात परत दिला. आदराने दिला, पण दिला. मग सवयीने नाव लिहायचा बारीक ब्रश डब्यातून उचलला.

"लिवू नका," नूतन म्हणाली. "लिवलेलं हाय."

परतताना बस नव्हती म्हणून आम्ही चालत निघालो. ती पुढे, मी मागे. मला वाटत होतं ती काही बोलेल. बरं केलंत आबा, किंवा निदान झालं ते झालं. आता माझं वय झालंय, तेवढं ऐकायला मिळायला हरकत नव्हती, असंही वाटत होतं. वाडीच्या वळणावर ती थांबली. मी जवळ येईपर्यंत उभी राहिली.

"काम लई पक्कं व्हतं तुमचं, आबा," ती म्हणाली. "पन्नास वर्सं अक्षर वर आलं न्हाय."

आणि चालू लागली.